ट्रॉफी शिकार

शिंगे, सुळे, कातडे किंवा पेंढा भरलेले मुंडके स्मृतिचिन्ह म्हणून बाळगण्यासाठी शुल्क भरून, परवान्याने केलेली वन्यप्राण्यांची शिकार. चोरट्या शिकारीहून ती वेगळी असून कोणती जात, किती नग व कोणत्या हंगामात मारायचे, हे सरकार ठरवून देते. संकटग्रस्त प्राण्याची ट्रॉफी दुसऱ्या देशात नेण्यास ‘साइट्स’ हा आंतरराष्ट्रीय करार (१९७३, अंमल १९७५ पासून) लागू होतो. त्याच्या पहिल्या परिशिष्टातील जातींच्या व्यापाराला बंदी आहे. पण ट्रॉफी ही विक्रीची वस्तू समजली जात नसल्याने मर्यादित सवलत मिळते. २००४ मध्ये नामिबिया व दक्षिण आफ्रिका यांना वर्षाला प्रत्येकी पाच काळ्या गेंड्यांची मुभा देण्यात आली.

समर्थकांच्या मते, प्राण्यापासून उत्पन्न मिळाले तरच स्थानिक लोक त्याला व त्याच्या अधिवासाला जपतात. नामिबियाने १९९६ च्या कायद्याने सामुदायिक जमिनीवरील रहिवाशांना वन्यजीवांपासून उत्पन्न घेण्याचा हक्क दिला. पाकिस्तानात मारखोर या नागमोडी शिंगांच्या रानबोकडाच्या शिकारशुल्काचा सुमारे ८० टक्के वाटा गावांना मिळतो. तेथे त्याची संख्या वाढली आणि २०१५ मध्ये त्याला ‘संकटग्रस्त’ वर्गातून काढून ‘संकटसमीप’ वर्गात घालण्यात आले.

विरोधकांचे आक्षेप नैतिक आहेत, तसेच शास्त्रीयही. पैसा अनेकदा दलाल व अधिकाऱ्यांपाशीच अडतो. शिकारी मोठ्या शिंगांचे, दाट आयाळीचे नर निवडतात. सिंहांच्या कळपातील नर मारला गेल्यास नवा नर त्याचे बछडे मारून टाकतो. २०१५ मध्ये झिंबाब्वेतील ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाबाहेर, संशोधकांनी गळपट्टा लावलेला ‘सेसिल’ सिंह मारला गेल्यावर जगभर संताप उसळला.

बंदीचे परिणामही एकसारखे नाहीत. केन्याने १९७७ मध्ये शिकार बंद केली, तरी अधिवासाचा ऱ्हास व चराईचा ताण यांमुळे वन्यप्राणी घटतच गेले. बोट्स्वानाने २०१४ मध्ये घातलेली बंदी २०१९ मध्ये उठवली. गेंड्याच्या शिंगांचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९७७ पासून बंद असूनही २०१४ मध्ये एकट्या दक्षिण आफ्रिकेत १,२१५ गेंडे चोरट्या शिकारीला बळी पडले. भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने शिकारीवर कडक निर्बंध आले. १९९१ च्या दुरुस्तीनंतर मनोरंजनासाठी शिकारीचे परवाने देण्याची वाटच उरली नाही. माणसाच्या जिवाला धोका, पिकांची नासाडी यांसारख्या कारणांपुरतीच परवानगी मिळते.