माहूर पदयात्रा, यवतमाळ जिल्ह्यातील
यवतमाळ जिल्ह्याच्या पश्चिम व दक्षिण भागांतून पैनगंगा नदीच्या खोऱ्यात उतरून नदीपलीकडील माहूर (जि. नांदेड) या क्षेत्री पायी जाण्याची परंपरा. माहूर हे रेणुकादेवीचे, दत्तात्रेयाचे व महानुभाव पंथाचे क्षेत्र होय. ते आज नांदेड जिल्ह्यात मोडत असले, तरी त्याच्या उत्तरेचा व पश्चिमेचा मुलूख यवतमाळ जिल्ह्याचा आहे. वऱ्हाडातून येणाऱ्या यात्रेकरूला हा जिल्हा ओलांडल्यावाचून तेथे पोहोचता येत नाही. त्यामुळे क्षेत्र एका जिल्ह्यात व त्याची वाट दुसऱ्या जिल्ह्यात, अशी स्थिती निर्माण झाली आहे.

पंढरपूरच्या वारीप्रमाणे या यात्रेला एकच ठरलेला पालखीमार्ग नाही. मुक्काम, रिंगण, दिंड्यांचे क्रमांक अशी शिस्तही येथे आढळत नाही. नद्यांची खोरी आणि बाजारगावे यांना धरून पडलेल्या अनेक वाटा पैनगंगेच्या काठी एकत्र येतात, एवढेच या मार्गाचे स्वरूप होय. यवतमाळहून निघणारी वाट आर्णीवरून जाते. तिची लांबी सु. ७५ कि.मी. असून पायी चालणाऱ्यास तीन दिवस लागतात. नेर, दारव्हा, दिग्रस या बाजूची वाट अमरावतीकडील यात्रेकरूंच्या सोयीची आहे. पुसदहून पूस नदीच्या खोऱ्याने पूर्वेस येणारी वाट त्या मानाने जवळची असून ती दोन दिवसांत संपते. उमरखेडकडील लोक दक्षिणेकडून येतात. महागाव तालुक्यातील धनोडा हे पैनगंगेकाठचे गाव यवतमाळकडून येणाऱ्यांचा नदी ओलांडण्याचा मुख्य टप्पा आहे.

यवतमाळचे पठार सोडल्यानंतर वाट उतरणीला लागते. प्रथम कपाशीची व ज्वारीची काळी शेते, मग मुरमाड टेकड्या व सागाचे विरळ जंगल आणि पुन्हा एखाद्या नदीकाठची काळी जमीन, असा क्रम वारंवार येतो. अरुणावती, अडाण, पूस या नद्या पैनगंगेच्याच परिवारातील असल्याने यात्रेकरू प्रत्यक्षात एकाच मोठ्या खोऱ्याच्या फांद्यांतून चालत असतो. पैनगंगा सहस्रकुंड येथे खडकाळ पात्रातून धबधब्याच्या रूपाने कोसळते व पुढे माहूरच्या डोंगराला उत्तरेकडून वळसा घालून पूर्वेस जाते. नदी ओलांडताच समोर डोंगरांचा पुंजका उभा राहतो. त्याच्या शिखरांवर रेणुका, दत्तात्रेय व अनसूया यांची देवस्थाने असून जवळच माहूरचा किल्ला आहे. हा प्रदेश बर्फाच्छादित पर्वतांचा नसला, तरी श्रावणातील चिखल, वाहते ओढे व शेवटच्या दिवशीची चढण यांमुळे येथील चालणे सोपे म्हणता येत नाही.

रेणुकेची कथा हीसुद्धा मुळात एका पायी प्रवासाचीच कथा आहे. कार्तवीर्याकडून जमदग्नीचा वध झाल्यावर परशुरामाने कावडीच्या एका पारड्यात पित्याचा देह व दुसऱ्यात माता रेणुका यांना घेतले आणि कोऱ्या, म्हणजे पूर्वी दहन न झालेल्या, भूमीच्या शोधात तो हिंडत माहूरला आला. दत्तात्रेयाच्या सांगण्यावरून त्याने तेथे अंत्यविधी केला व रेणुका सती गेली. विधीसाठी पाणी हवे म्हणून त्याने बाण मारला, तेथे मातृतीर्थ निर्माण झाले. पुढे माता भूमीतून प्रकट होईल, परंतु मागे वळून पाहू नये, असे त्याला सांगण्यात आले होते. अधीर होऊन त्याने वळून पाहिले, तेव्हा केवळ मुख वर आले होते. माहूर येथे पूर्ण मूर्तीऐवजी देवीच्या शेंदरी मुखाची, म्हणजे तांदळ्याची, पूजा होते, तिचे कारण असे सांगितले जाते. मातापूर या नावावरून माहूर झाले, अशीही एक व्युत्पत्ती प्रचलित आहे. येथून जवळ असलेल्या तेलुगू प्रदेशातील ‘ऊरु’ (गाव) या शब्दाशीही नावाचा संबंध जोडला जातो. महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांत माहूरची गणना होते. देवीला कुटलेल्या विड्याचा तांबूल अर्पण करतात आणि परतणारा यात्रेकरू तो प्रसाद म्हणून गावी नेतो.

या वाटांच्या इतिहासात महानुभावांचे स्थान विशेष महत्त्वाचे आहे. पंथाच्या पंचकृष्णांत दत्तात्रेयप्रभूंचा समावेश होतो. चांगदेव राऊळ हे फलटणहून माहूरला आले असता दत्तात्रेयांनी वाघाच्या रूपात त्यांच्या मस्तकावर पंजा ठेवून शक्ती दिली, अशी पंथीय श्रद्धा आहे. चांगदेव राऊळांकडून ती शक्ती अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंना व त्यांच्याकडून चक्रधरांना मिळाली. म्हणजे पंथाच्या गुरुपरंपरेतील माहूर आणि रिद्धपूर ही दोन स्थाने जवळजवळ एकाच उत्तर–दक्षिण रेषेवर येतात व त्या रेषेचा बराचसा भाग आजच्या यवतमाळ जिल्ह्यातून जातो. पंथाच्या आचारधर्मात संन्याशाला अटन, म्हणजे एका जागी न राहता पायी फिरणे, विहित आहे. भिक्षा मागत, गाठीशी संग्रह न ठेवता चालणे हे तेथे एखाद्या देवळापर्यंत पोहोचण्याचे केवळ साधन नसून स्वतःच एक व्रत आहे. हा भेद लक्षात घेतल्यावाचून या भागातील पदयात्रेचे स्वरूप नीट कळत नाही. देवीचा भक्त डोंगरापर्यंत जाण्यासाठी चालतो, तर महानुभाव भिक्षूच्या दृष्टीने वाटेवरील प्रत्येक मुक्काम चालण्याच्या धर्माचाच भाग असतो.

ईश्वरावतारांचा स्पर्श झालेल्या जागा महानुभाव ‘स्थान’ मानतात, तेथे ओटे बांधतात व त्यांना नमस्कार करतात. अशा स्थानांच्या दिशा व जागा काटेकोरपणे नोंदविणारा स्थानपोथी हा ग्रंथ चौदाव्या शतकात तयार झाला. मध्ययुगीन महाराष्ट्राच्या भूगोलाच्या अभ्यासात त्याचे मोल मोठे आहे. मात्र पंथीय ग्रंथ सांकेतिक लिप्यांत असल्याने विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ते बाहेरच्या वाचकाला अज्ञातच राहिले. वि. का. राजवाडे व वि. ल. भावे यांच्या परिश्रमांनी हे दालन खुले झाले. माहूर येथील देवदेवेश्वराचे मंदिर व मेरुवाळा तलाव ही महानुभावांची प्रमुख स्थाने होत. दत्तात्रेयप्रभूंचे निद्रास्थान म्हणून पहिले ओळखले जाते.

डोंगरावरील दत्तशिखर दशनामी गोसाव्यांच्या परंपरेतील असून तेथील दत्तात्रेयाची कल्पना महानुभावांच्या कल्पनेहून भिन्न आहे. दत्त वाराणसीस स्नान करतो, कोल्हापुरास भिक्षा मागतो व निद्रेसाठी माहूरला येतो, ही समजूत सर्वत्र रूढ आहे. संतकवी दासोपंत (१५५१–१६१५) यांनी माहूर येथे बारा वर्षे दत्तोपासना केली, असे त्यांच्या चरित्रपरंपरेत सांगितले जाते. रेणुकेच्या उपासनेतून गोंधळ्यांची रेणुराई शाखा वाढली. लग्नानंतर नवदांपत्याने कुलस्वामिनीच्या दर्शनाला जाणे, मुलाचे जावळ काढणे, देवीच्या नावाने परडी व पोत घेऊन जोगवा मागणे या कुलाचारांनी वऱ्हाडातील असंख्य घरे माहूरशी बांधली गेली आहेत. याच वाटेवर आर्णी येथे बाबा कंबलपोश यांचा दर्गा आहे व माहूरला सोनापीराचा दर्गा आहे. तेथेही भाविक येतात. एकाच डोंगराकडे इतक्या भिन्न निष्ठांचे लोक शतकानुशतके एकाच वाटेने गेले, हे या यात्रेचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

माहूरचे राजकीय महत्त्वही लहान नव्हते. बहमनी राज्यात १४८० च्या सुमारास महमूद गावानने वऱ्हाडचे दोन भाग केले, त्यांपैकी एकाचे ठाणे गाविलगड व दुसऱ्याचे माहूर होते. अकबराच्या काळी माहूर ही वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार होती. १६६१ मध्ये उंबरखिंडीच्या लढाईत मोगल सैन्याबरोबर असलेली रायबागन ही माहूरच्या देशमुख घराण्यातील होती. या सर्व काळात पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील मुलूख एकाच प्रांताचा होता, ही गोष्ट यात्रेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

१८५३ च्या तहाने ही स्थिती पालटली. निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. माहूर मात्र हैदराबाद संस्थानातच राहिले. पैनगंगा ही दोन राजवटींमधील सीमा झाली आणि वऱ्हाडातील कुणब्याला आपल्या कुलदेवतेच्या दर्शनासाठी इंग्रजी मुलखातून निजामी मुलखात जावे लागू लागले. वणी (वून) जिल्ह्याचे नाव १९०५ मध्ये यवतमाळ झाले व त्याच वेळी वाशीम जिल्हा मोडून पुसद तालुका यवतमाळला जोडण्यात आला. त्यामुळे माहूरकडे जाणाऱ्या वऱ्हाडातील बहुतेक वाटा एका जिल्ह्यात आल्या. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात आले. माहूर ज्या किनवट तालुक्यात होते तो तोपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात मोडत होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो नांदेड जिल्ह्यात आला व सु. शंभर वर्षांनी नदीचे दोन्ही तीर पुन्हा एका राज्यात आले. जिल्ह्यांची सीमा मात्र आजही पैनगंगाच आहे. संकीर्तनाच्या व गोंधळाच्या परंपरेवर या सीमेचा परिणाम झाल्याचे दिसत नाही. माहूरला आयुष्य वेचलेले कवी विष्णुदास (१८४४–१९१७) यांची रेणुकेवरील पदे वऱ्हाडातही घरोघर गायिली गेली.

यात्रेचे मुख्य काळ तीन आहेत : श्रावणातील नारळी पौर्णिमा, आश्विनातील नवरात्र व मार्गशीर्षातील दत्तजयंती. त्यांपैकी दत्तजयंतीच्या सुमारास हवा कोरडी व नद्या उतरलेल्या असल्याने तेव्हाची वाट सर्वांत सुकर असते. श्रावणातील यात्रा नेमकी याच्या उलट होय. पूल होण्यापूर्वी पुराच्या दिवसांत नाव किंवा डोंग्याखेरीज पैलतीरी जाता येत नसे व पाणी उतरेपर्यंत अलीकडच्या गावांत खोळंबून राहावे लागे. पेरण्या व पहिली निंदणी आटोपलेली असल्याने शेतकऱ्याला सवड मिळते ती मात्र याच दिवसांत. त्यामुळे वाट सर्वांत अवघड असताना गर्दी सर्वांत मोठी, असा हा विरोध आहे. नारळी पौर्णिमेस माहूरच्या डोंगरांची परिक्रमा करण्याची प्रथा असून ती रात्रभर चालते.

मुर्तिजापूर–यवतमाळ या अरुंदमापी लोहमार्गामुळे वऱ्हाडातील यात्रेकरूंची दारव्ह्यापर्यंतची पायपीट वाचली. तेथून पुढे बैलगाडी वा पायवाट हाच आधार होता. तो लोहमार्ग आता बंद आहे. पक्के रस्ते, पैनगंगेवरील पूल व राज्य परिवहनाच्या जादा गाड्या यांमुळे बहुसंख्य भाविक एका दिवसात जाऊन परत येऊ लागले आणि मुक्कामाच्या गावांचे महत्त्व ओसरले. पुसद तालुक्यातील इसापूर धरणामुळे नदीच्या प्रवाहातही बदल घडून आला असून उन्हाळ्यात खालच्या भागातील पात्र पुष्कळदा कोरडे असते. चालण्याची प्रथा मात्र नव्या रूपात टिकून आहे. नवरात्रापूर्वी गावोगावची तरुण मंडळे माहूरला जाऊन देवीच्या ठिकाणी मशाल पेटवतात व ती ज्योत आळीपाळीने हाती घेऊन धावत वा चालत गावी आणतात. जुन्या यात्रेत यात्रेकरू घरून देवीकडे चालत जाई. या प्रथेत जाणे वाहनाने आणि परतणे पायी, असा क्रम उलटला आहे. परिक्रमेचा बराचसा मार्ग अद्यापही जंगलातून व डोंगरकडेने जातो आणि तो पायीच चालावा लागतो.