बेमुर्वत

एखाद्यास ‘उद्धट’ किंवा ‘मुजोर’ म्हटलें म्हणजे त्यानें काय केलें हें ऐकणारास कळतें. ‘बेमुर्वत’ म्हटलें म्हणजे त्यानें काय केलें नाहीं हें कळतें. हा शब्द आतां क्वचितच कानीं पडतो, आणि पडलाच तर ‘बेमुर्वतखोर’ अशा लांबलचक रूपांत. ‘खोर’ म्हणजे खाणारा. लांच खाणारा तो लांचखोर हें ठीक; पण मुर्वतीचा अभाव कोणी कसा खावा? हरामखोर, भांडखोर यांच्या पंक्तीस बसविण्याच्या हौसेनें हें शेपूट लागलें असावें.

मूळ शब्द अरबी ‘मुरुव्वा’. अरबींत पुरुषवाचक शब्दापासून तो निघाला; लॅटिनांत ‘विर्’ म्हणजे पुरुष, त्यापासून ‘विर्तुस’ झाला तसाच. इस्लामपूर्व काळच्या अरबास शौर्य, औदार्य, अतिथीचें रक्षण, कुळाशीं इमान, इतकेंच काय पण सूड घेण्याची धमकहि या एका शब्दांत अभिप्रेत असे. गोल्डत्सीहर या हंगेरियन पंडितानें १८८९ सालच्या आपल्या ग्रंथांत या ‘मुरुव्वा’चा ‘दीन’ म्हणजे धर्म याच्याशीं असलेला विरोध उलगडून दाखविला आहे. पुढें फार्शींत येतांना शब्दाच्या हातची तलवार गळाली व सौजन्य तेवढें उरलें. मराठींत त्याची गांठ भिडेशीं पडली, आणि ‘भीडमुर्वत’ हा जोडशब्द झाला. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें झालेल्या राज्यव्यवहारकोशानें दरबारी यावनी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले. पण घरोघर मनांत रुजलेले असले शब्द आज्ञेनें उपटत नाहींत.

येथें एक पेंच आहे. १७७३ सालीं नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हां रामशास्त्री प्रभुणे यांनीं राघोबादादांस तोंडावर दोषी ठरविलें. त्यांनीं कोणाची मुर्वत ठेविली नाहीं. मग शास्त्रीबोवा बेमुर्वत काय? कोणीहि मराठी माणूस असें म्हणणार नाहीं. ‘भीडमुर्वत न ठेवणारा’ ही स्तुति आणि ‘बेमुर्वत’ ही शिवी, शब्दार्थ मात्र जवळजवळ एकच! आमच्या मतें भेद समोरच्या माणसांत आहे. बलवानाची भीड मोडली तर तें धैर्य; दुबळ्याची मोडली तर ती बेमुर्वती.

खिडकीपाशीं उभ्या असलेल्या म्हाताऱ्यास मानहि वर न करतां ‘उद्यां या’ म्हणणारा कारकून उद्धट नसतो. त्याचा आवाजसुद्धां चढत नाहीं. त्याच्यासाठीं दुसरा इतका नेमका शब्द मराठींत आम्हांस तरी सांपडलेला नाहीं.