दि. बा. पाटील : मोबदल्याकडून हिश्श्याकडे

१८९४ च्या भूसंपादन कायद्यात कलम २४ म्हणून एक कलम होते. संपादित जमिनीची किंमत ठरवताना न्यायालयाने कोणत्या गोष्टी विचारात घेऊ नयेत, याची त्यात यादी होती. त्या यादीत एक बाब अशी, की ज्या कामासाठी जमीन घेतली जात आहे त्या कामामुळे तिची किंमत पुढे वाढणार असेल, तर ती वाढ मोजायची नाही. कलम ४ ची अधिसूचना निघाली त्या दिवशीचा बाजारभाव, त्यावर सक्तीच्या संपादनाबद्दल शेकडा १५ दिलासा-रक्कम, आणि ही रक्कम अपुरी वाटल्यास कलम १८ खाली दिवाणी न्यायालयाची वाट. शेतकऱ्याचा जमिनीशी असलेला संबंध कायद्याच्या दृष्टीने एवढ्यावर संपत असे. पनवेलचे वकील आणि आमदार दिनकर बाळू पाटील यांच्या सार्वजनिक आयुष्याचे सार एका वाक्यात सांगायचे झाले, तर त्यांनी या कलमाला वळसा घातला, असे म्हणता येईल. तो न्यायालयातून घालता आला नाही, आणि सभागृहातूनही पुरता घालता आला नाही, हा त्यातला खरा विचारात घेण्याजोगा भाग आहे.

दि. बा. पाटील यांचा जन्म १३ जानेवारी १९२६ रोजी उरण तालुक्यातील जासई येथे, आगरी शेतकरी कुटुंबात झाला. भात, मीठ आणि मासळी यांवर जगणारा हा खाडीकाठ त्या वेळी कुलाबा जिल्ह्यात मोडत असे (रायगड हे नाव १९८१ चे). या जिल्ह्याला जमिनीच्या भांडणाची मोठी परंपरा आहे. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून कुळांनी जो संप केला, त्यात सहा वर्षे शेते पडीक राहिली, आणि त्याचे पडसाद पुढे मुंबई इलाख्याच्या कूळकायद्यापर्यंत पोचले. बी. ए., एल्‌एल. बी. झालेला आगऱ्यांचा मुलगा अशा मुलखात वकिली करू लागतो तेव्हा कूळ, सातबारा, फेरफार, खारबंदिस्ती हे त्याचे रोजचे शब्द असतात. कायदा हे हत्यार आहे आणि ते दुसऱ्याच्या हातात आहे, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

शेतकरी कामगार पक्षातर्फे ते १९५७ साली पनवेलमधून विधानसभेवर प्रथम निवडून आले. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेतली ती निवडणूक होती, आणि त्या वर्षाला आणखी एक अर्थ होता. १ एप्रिल १९५७ हा सुधारित कूळकायद्यातला कृषकदिन. त्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक मानले गेले. प्रत्यक्षात किंमत ठरून हप्ते फिटेपर्यंत अनेकांची वर्षे गेली, ही गोष्ट निराळी. पण पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या बांधावर राबलेल्यांच्या नावे सातबारा होऊ लागला होता.

त्यानंतर तेराच वर्षांनी, १७ मार्च १९७० रोजी, सिडकोची स्थापना झाली. मुंबईची गर्दी हलवण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवायचे ठरले. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावे, ३४४ चौरस किलोमीटरचे क्षेत्र. या नगररचनेचे कौतुक पुष्कळ झाले आहे आणि त्यातले काही रास्तही आहे. पण ज्यांच्या हाती जमीन नुकती आली होती त्यांच्याकडूनच ती सार्वजनिक प्रयोजनासाठी परत मागितली जात होती, हे त्या कौतुकात क्वचितच येते. शिवाय गावठाणे तेवढी वगळली होती. म्हणजे घर तुझे, भोवतीचे शेत सरकारचे.

या वेळी दि. बा. विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले. १९७२ च्या निवडणुकीत २७० पैकी २२२ जागा काँग्रेसकडे होत्या, आणि शेकापचे सभासद होते अवघे सात. सात जणांच्या बळावर विरोधी पक्षनेता सरकारला प्रश्न विचारू शकतो, कामकाज अडवू शकतो, इतिवृत्तात आपले म्हणणे नोंदवू शकतो; कायदा बदलू शकत नाही. विधिमंडळात त्यांनी काय केले हे सांगताना त्यांचे चाहते पाच वेळा आमदार, दोन वेळा खासदार असा हिशेब देतात. मला ती संख्या फारशी बोलकी वाटत नाही. वकिलाने न्यायालयाची मर्यादा ओळखून सभागृहात यावे आणि सभागृहाची मर्यादा ओळखून रस्त्यावर उतरावे, हा क्रम अधिक बोलका आहे.

तो रस्ता जासईचा होता. १९८४ च्या जानेवारीत, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, उरण तालुक्यात संपादनाविरुद्ध शेतकरी, बायाबापड्यांसह, हजारोंनी जमले. १६ आणि १७ जानेवारी या दोन दिवशी दास्तान फाट्यावर आणि नवघर-पागोटे भागात पोलिसांनी गोळीबार केला. पाच माणसे मेली. चाळीस वर्षांनंतरही दर जानेवारीत त्यांचे स्मरण केले जाते. त्याच वर्षअखेरीस झालेल्या लोकसभा निवडणुकीत, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत, महाराष्ट्रातील ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसने घेतल्या. उरलेल्या पाचांत कुलाब्याची जागा होती, आणि तेथून दि. बा. निवडून गेले. १९७७ नंतरचा हा त्यांचा दुसरा विजय.

त्याच वर्षी संसदेने भूसंपादन कायदा दुरुस्त करून दिलासा-रक्कम १५ वरून ३० टक्क्यांवर नेली. कलम २४ मात्र तसेच राहिले. म्हणून मागणीचे स्वरूप पाहावे लागते. भाव वाढवून द्या, ही कोणत्याही संपादनातली नेहमीची मागणी. येथे ती ओलांडून, विकसित केलेल्या जमिनीत आम्हांला वाटा द्या, अशी मागणी उभी राहिली. पुढे होणारी वाढ मोजू नये असे कायदा म्हणत असेल तर पैशात मोजू नका. जमिनीच्या तुकड्यातच द्या, भाव आपोआप त्याच्या अंगी येईल. यात वकिली डोके स्पष्ट दिसते. ६ मार्च १९९० आणि २८ ऑक्टोबर १९९४ च्या शासन निर्णयांनी साडेबारा टक्के योजना आकाराला आली. एक हेक्टर गेलेल्याला १,२५० चौरस मीटर विकसित जमीन. त्यातून सामाजिक सोयींसाठी पावणेचार टक्के वजा जाता हाती ८७५ चौरस मीटर.

या योजनेने अनेक घरे सावरली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तिने गाव दोन भागांतही विभागले. वाटा जमिनीच्या प्रमाणात असल्याने ज्याच्या नावे सातबारा त्यालाच तो मिळाला. मिठागरावरचा मजूर, खाडी बुजल्यामुळे जाळे गुंडाळून ठेवलेला कोळी, दुसऱ्याच्या शेतात लावणी करणारी बाई यांना त्या हिशेबात मोठीशी जागा नव्हती. ज्यांना भूखंड मिळायचा होता, त्यांपैकी कित्येकांनी वाट पाहून थकल्यावर, किंवा लग्न-आजारपणाच्या गरजेला, आपला हक्क त्रिपक्षीय करारांनी बिल्डरांच्या स्वाधीन केला. आणि गावठाणाची हद्द वाढत नव्हती, कुटुंबे वाढत होती. तेव्हा माणसांनी भोवताली घरे बांधली. ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ हा शब्दप्रयोग पनवेल-उरणच्या राजकारणात तेव्हापासून जो रुजला तो रुजलाच.

उत्तरायुष्याबद्दल थोडक्यात. १९९९ मध्ये, लाल बावट्याखाली आयुष्य काढल्यानंतर, ते शिवसेनेत गेले. याने त्यांचे जुने सहकारी दुखावले, आणि तसे होणे स्वाभाविक होते. विचारसरणीच्या कसोटीवर या निर्णयाचे समर्थन करणे कठीण आहे. मात्र प्रकल्पग्रस्तांच्या प्रश्नावर त्यांचा शब्द पक्षाच्या सीमेपलीकडे चालत राहिला. २४ जून २०१३ रोजी त्यांचे निधन झाले. नवी मुंबईच्या विमानतळाला त्यांचे नाव द्यावे यासाठी २०२१ मध्ये मोठी आंदोलने झाली आणि २०२२ मध्ये विधिमंडळाने तसा ठराव केला. ज्या सभागृहात सात जण घेऊन ते बसत, तेथे या वेळी विरोधाला कोणी नव्हते.

त्यांच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच संसदेने १८९४ चा कायदा रद्द करणारा नवा कायदा मंजूर केला. नागरीकरणासाठी जमीन घेतल्यास २० टक्के विकसित जमीन मूळ धारकांसाठी राखून ठेवावी, अशी तरतूद त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. फक्त ती संपादन आणि विकासाच्या खर्चाएवढ्या किमतीला घ्यावी लागते. पनवेलच्या साडेबारा टक्क्यांना कायद्यात स्वतंत्र कलम कधी मिळाले नाही. ते शासन निर्णयांवर उभे राहिले. आणि तो भूखंड सिडकोने दिला तो मालकी हक्काने नव्हे, ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने. १९५७ मध्ये कुळाचा मालक झालेला शेतकरी त्या कागदावर पुन्हा पट्टेदार म्हणून सही करत होता.