खताच्या खड्ड्यातून निघालेला ग्रंथ

इंदूरचे नाव जगाच्या शेतीग्रंथांत गेले ते राजवाड्यामुळे नव्हे, तर शेण आणि पालापाचोळा यांमुळे! १९२४ साली होळकर दरबारने दिलेल्या जमिनीवर अल्बर्ट हॉवर्ड यांनी वनस्पतिसंशोधनाची संस्था उभारली. चिनी शेतकऱ्यांच्या खतविद्येवरील किंग या अमेरिकन लेखकाचे १९११ मधील पुस्तक त्यांच्या वाचनात आले होते. पण ते वाचूनच थांबले नाहीत. काडीकचरा, शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर खड्ड्यात रचावयाचे, पाणी शिंपावयाचे, हवा खेळावी म्हणून तीनदा उलथावयाचे, की तीन महिन्यांत खत तयार. हीच 'इंदूर पद्धती'. १९३१ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. ग्रंथावर नावे दोन आहेत : हॉवर्ड आणि यशवंत वाड. जगाने पहिले तेवढे लक्षात ठेवले. ज्ञानाच्या पंगतीतला हा पंक्तिप्रपंच खटकल्यावाचून राहत नाही.

पुढे १९५५ साली इंदूरला आकाशवाणी केंद्र आले आणि शेतीची वार्ता निरक्षराच्याही कानी पडू लागली. १९७५-७६ मध्ये तर उपग्रहाच्या साहाय्याने मध्य प्रदेशातील काही खेड्यांत दूरचित्रवाणीचा पडदा उजळला. वाडांचे नाव शोधणाऱ्याला मात्र अजूनही तो जुना ग्रंथच उघडावा लागतो.