गल्लियो शिलालेख

ग्रीसमधील डेल्फी येथे सापडलेला, रोमन सम्राट क्लॉडियस याच्या पत्राचा ग्रीक शिलालेख. प्रेषित पौलाच्या जीवनाचा कालानुक्रम ठरवण्याचे हे सर्वांत भक्कम साधन आहे. त्याचे काही तुकडे एमिल बुर्गे यांनी १९०५ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे आणखी तुकडे जुळून त्यांची संख्या नऊ झाली. ओस पडत चाललेल्या डेल्फीत बाहेरून नागरिक वसवण्याचा विषय पत्रात असून, त्यासंदर्भात सम्राटाने प्रोकॉन्सल (प्रांताचा राज्यपाल) गल्लियो याचा उल्लेख केला आहे. हा गल्लियो म्हणजे तत्त्वज्ञ सेनेका याचा थोरला भाऊ.

कालनिश्चिती : नव्या करारात घटनांची साले दिलेली नाहीत, राज्यकर्त्यांची नावे मात्र येतात. करिंथ येथे यहुद्यांनी पौलाला गल्लियोच्या न्यायासनापुढे उभे केले व गल्लियोने तक्रार ऐकण्यास नकार दिला, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ (१८:१२–१७) सांगते. शिलालेखात क्लॉडियसच्या सव्विसाव्या विजयघोषाची (विजयानंतर सम्राटाच्या होणाऱ्या, क्रमाने मोजल्या जाणाऱ्या जयजयकाराची) नोंद आहे. सत्ताविसावा विजयघोष रोममधील क्लॉडिया जलवाहिनीच्या कमानीवर कोरलेला असून तिचे लोकार्पण १ ऑगस्ट ५२ रोजी झाले. त्यामुळे पत्र त्यापूर्वीचे ठरते. प्रोकॉन्सलची मुदत सामान्यतः एक वर्षाची असे व ती उन्हाळ्यात सुरू होई. म्हणून गल्लियोचा कार्यकाळ बहुतेक अभ्यासक इ. स. ५१–५२ मानतात.

पूर्वीच्या घटना : पौल करिंथमध्ये दीड वर्ष राहिला (१८:११). त्यावरून तो तेथे इ. स. ५० च्या सुमारास पोहोचला असावा. त्याला तेथे भेटलेले अक्विल्ला व प्रिस्किल्ला हे दांपत्य क्लॉडियसच्या हुकुमामुळे रोम सोडून नुकतेच आले होते. या हकालपट्टीला स्वेटोनियस दुजोरा देतो. पाचव्या शतकातील ओरोसियस ती क्लॉडियसच्या नवव्या वर्षी, म्हणजे इ. स. ४९ मध्ये झाल्याचे सांगतो. दमास्कसमधून पौल निसटला तो नबाती राजा चौथा अरेतास याच्या अमलात (२ करिंथ ११:३२). अरेतास इ. स. ४० च्या सुमारास वारला, म्हणून ती घटना त्याआधीची.

मर्यादा : सुनावणी गल्लियोच्या मुदतीच्या आरंभी झाली की अखेरीस, हे ‘प्रेषितांची कृत्ये’मध्ये नाही. दीड वर्षाचा काळ सुनावणीपर्यंतचा की पुढचाही, हेही स्पष्ट नाही. गलतीकरांस पत्रातील तीन व चौदा वर्षे (१:१८, २:१) एकापुढे एक धरायची की दोन्ही पौलाच्या परिवर्तनापासून (ख्रिस्ती होण्यापासून) मोजायची, याबद्दल मतभेद आहेत. शिवाय त्या काळी अपुरे वर्षही पूर्ण धरण्याचा प्रघात होता. परिणामी परिवर्तनाचे वर्ष इ. स. ३१ ते ३६ या दरम्यान निरनिराळे दिले जाते. शिलालेख पक्का करतो तो गल्लियोचा काळ. पौलाच्या इतर तारखा त्यावरून केलेली अनुमाने आहेत आणि करिंथपासून जितके दूर जावे तितकी त्यांची अनिश्चितता वाढते.