तीन मिनिटांची तबकडी

श्रोतेहो, लोकसंगीताच्या कार्यक्रमाचे निवेदन माझ्यासारख्या इतिहासाच्या मास्तराकडे आले, तेव्हा मला ते काम फार सोपे वाटले होते. आवडीच्या ध्वनिमुद्रिका निवडायच्या, आधी चार शब्द बोलायचे आणि गाणे लावायचे. यात अवघड ते काय? पण सहा महिन्यांनी एका शिक्षिकाबाईंचे पत्र आले. तुमच्या कार्यक्रमात फड आहे, गड आहे, देऊळही आहे. घर मात्र कुठे दिसत नाही, असे त्यांनी लिहिले होते. मी वही उघडून पाहिली. पोवाडे होते, लावण्या होत्या, गोंधळ आणि भारूड होते. दळताना, कांडताना, पाळणा हलवताना गाणारी बाई एकही नव्हती. बाईंचे म्हणणे खरे होते.

असे का झाले? याचे उत्तर थोडे माझ्या आवडीत आहे आणि पुष्कळसे तबकडीच्या इतिहासात आहे.

आपल्या देशात ग्रामोफोन कंपनीने गाणी मुद्रित करायला आरंभ केला तो 1902 च्या नोव्हेंबरात, कलकत्त्याला. फ्रेड गायसबर्ग नावाचा तंत्रज्ञ साहित्य घेऊन आला आणि गोहरजानसारख्या गायिकांची गाणी त्याने उतरवून घेतली. ते मुद्रण जर्मनीत हॅनोव्हरला जाई आणि तिथून तबकड्या तयार होऊन येत. गाणे कोणाचे हे तिकडच्या कारागिरांना कळावे म्हणून गोहरजान शेवटी इंग्रजीत आपले नाव सांगत असे. पुढे 1908 मध्ये कलकत्त्यालाच कारखाना निघाला. ही तबकडी लाखेची. तिच्या एका बाजूवर गाणे मावायचे साधारण तीन मिनिटांचे. शिवाय 1925 पर्यंत मायक्रोफोन नव्हता. गाणाराने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे. खणखणीत आवाज उमटे, हळुवार आवाज विरून जाई.

आता या तीन मिनिटांत आपला पोवाडा बसवून पाहा. अज्ञानदासाने अफझलखानाच्या वधाचा पोवाडा रचला तो 1659 च्या त्या प्रसंगावर. अॅकवर्थसाहेब आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी असे जुने पोवाडे गोळा करून 1891 मध्ये छापले, म्हणून ते आज वाचायला मिळतात. शाहीर चावडीपुढे उभा राहतो, डफावर थाप पडते, मागे तुणतुणे वाजते आणि झीलकरी सूर उचलून धरतात. मध्येच तो गाणे थांबवून बोलतो, माणसे हसवतो, पुन्हा चढा सूर लावतो. याला तास सहज लागतो. तबकडीवर त्यातले काय येणार? एखादा चौक आणि झील. बाकीचे चावडीवरच राहिले.

म्हणून तबकडीला मी नावे ठेवतो असे मात्र समजू नका. पासरणीचे शाहीर साबळे यांचा आवाज मुद्रित झाला नसता, तर आजच्या पोरांना तो कुठे भेटला असता? राजा बढे यांचे महाराष्ट्रगीत त्यांनी गायिले आणि 2023 मध्ये ते आपले राज्यगीत ठरले. ही ध्वनिमुद्रिका माझ्या निवडीत पहिली. दुसरी विठ्ठल उमपांची, कोणतीही चालेल. शब्द संपल्यावरही तो आवाज कसा पुढे चालत राहतो, ते ऐका. तिसरी वाईच्या यमुनाबाई वाईकरांची बैठकीची लावणी. इथे नाचाची धांदल नाही. बाई बसून गातात आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा घेतात. एकदा रागाने, एकदा लाडाने, एकदा नुसती आठवण काढल्यासारखी. ही लावणी तीन मिनिटांच्या तबकडीत मावणारी नव्हेच. तिला लांब मुद्रणच हवे.

पण घरातल्या बाईचे काय? कंपनी व्यापार करणार, खपेल तेच मुद्रित करणार. घरोघरी मातीच्या चुली, तसे घरोघरी जाते. जी ओवी पहाटे फुकट कानावर पडते, ती विकत कोण घेईल? आणि ती गाणारी बाई तरी कुठे श्रोत्यांसाठी गात होती? समोर खुंटा, मुठीत दाणे, आणि माहेरची आठवण. कागदावर मात्र तिची नोंद झाली. साने गुरुजींनी ओव्या जमवून ‘स्त्री-जीवन’ छापले. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीच्या कामात आयुष्य घातले. पुढे पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या उतरवून घेतल्या आणि कित्येकींचे ध्वनिमुद्रणही करवले.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. एम. ए. ला असताना मी टेपरेकॉर्डर मागून आणला आणि आजीला ओसरीवर खुर्चीत बसवून म्हटलं, "आता म्हण." तिला एकही ओवी आठवेना. ती म्हणाली, "जात्याबिगर कसं सुचंल रं?" मग तिला जात्यापाशी बसवलं. खुंट्याला हात लागला मात्र, ओवीमागून ओवी यायला लागली! भावाची, विठोबाची, एक तर माझ्याच नावाची. रात्री फीत ऐकली, तर ओवीपेक्षा जात्याची घरघर मोठी. मला वाटलं, खराब झालं, पुन्हा कधीतरी चांगलं करू. त्याच फितीवर मी एक व्याख्यान उतरवून घेतलं. ते ‘पुन्हा कधीतरी’ काही आलं नाही. आजी गेली.

आज कळते की ती घरघर म्हणजे खराबी नव्हती. तोच त्या गाण्याचा ताल होता, तेच तिचे तुणतुणे. ज्या कसोटीने कंपन्यांनी ओवी वगळली, तीच कसोटी मी माझ्या घरात लावली होती.

बाईंना मी तसे पत्राने कळवले आणि निवड बदलली. आता दर कार्यक्रमात एक तरी ओवी असते, जात्याच्या आवाजासकट. आपल्या नभोवाणीला अशा पत्रांची सवय जुनीच आहे. 1956 मध्ये पुण्याच्या आसपासच्या पाच जिल्ह्यांत दीडशे गावांमधून शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे बसली होती. ती नुसती ऐकत नसत, उलट प्रश्न विचारीत. ऐकणाराने बोलले, तरच निवेदकाला आपले बहिरेपण कळते.

तेव्हा गुरुजनहो, एक विनंती. आज तुमच्या खिशातल्या फोनवर तीन मिनिटांचे बंधन नाही. मुलांना सांगा, घरातल्या आजीचे गाणे उतरवून घ्या. तिला खुर्चीत बसवू नका, तिच्या कामापाशी बसवा. नाव, गाव, तारीख आणि गाणे कोणत्या वेळचे, ते आधी लिहा. तिची परवानगी घ्या. आणि मध्ये कोंबडा आरवला, भांडे पडले किंवा जाते घरघरले, तरी पुसू नका. पुसलेले परत येत नाही, हे मी तुम्हाला अनुभवाने सांगतो.