खासगी समुपदेशन : खर्च, चौकशी आणि पहिली भेट

मंडळाच्या सभासदांकडून हल्ली वारंवार विचारला जाणारा प्रश्न असा, की मुलाला, सुनेला किंवा स्वतःलाच समुपदेशनासाठी जायचे आहे, तर कोणाकडे जावे आणि किती खर्च येईल? बडोद्यातील मराठी कुटुंबांना उपयोगी पडेल अशी माहिती येथे देत आहोत.

प्रथम माणसे ओळखावीत. सायकियाट्रिस्ट म्हणजे एम.बी.बी.एस. होऊन पुढे मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर. औषधे तेच लिहून देतात, आणि त्यांची भेट बहुधा पंधरा-वीस मिनिटांची असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत; ते चाचण्या घेतात आणि बोलण्यातून उपचार करतात. त्यांची नोंद भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असावी लागते. हा नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच वाटू देऊ नये. परिषदेच्या संकेतस्थळावर तो पडताळता येतो. ‘समुपदेशक’ या पाटीमागे मात्र एम.ए. आणि अनेक वर्षांचा अनुभवही असू शकतो किंवा तीन महिन्यांचा कोर्सही. म्हणून शिक्षण कुठे झाले आणि कोणत्या प्रकारच्या अडचणींवर काम केले आहे, हे फोनवरच विचारावे. चांगला माणूस या प्रश्नाने रागावत नाही.

फी सेशनप्रमाणे असते. सेशन पाऊण ते एक तासाचे. दर शहर आणि अनुभवाप्रमाणे बदलतात. साधारण ८०० ते २,५०० रुपये धरून चालावे. मात्र एका सेशनचा आकडा पाहून हिशेब करू नये. समजा, फी १,२०० रुपये आहे. पहिले दोन महिने दर आठवड्याला, म्हणजे आठ सेशन्स, आणि पुढचे दोन महिने पंधरा दिवसांनी, म्हणजे चार. एकूण १४,४०० रुपये. एवढी तयारी आधीच असली, तर तिसऱ्या भेटीनंतर पैशापायी उपचार सोडण्याची वेळ येत नाही. फी झेपणारी नसेल तर तसे सरळ सांगावे. बरेच जण विद्यार्थ्यांना व निवृत्तांना सवलत देतात, पण विचारल्याशिवाय ती कळत नाही. दहा सेशन्सचे पैसे आगाऊ मागितले, तर आमच्या मते थांबावे. दोन-तीन भेटींत सूर जुळतो की नाही, ते आधी पाहावे. ऐनवेळी रद्द केलेल्या सेशनची फी बहुतेक ठिकाणी घेतली जाते. तो नियमही आधी विचारून घ्यावा.

मेडिक्लेमबद्दल गैरसमज फार आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यायचे आहे. पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावर लागू होतात. दर आठवड्याचे सेशन ओ.पी.डी.त मोडते, आणि ते कलम पॉलिसीत असेल तरच पैसे मिळतात. मुलगा-मुलगी मोठ्या कंपनीत असतील तर एच.आर.कडे चौकशी करावी. काही कंपन्या ठरावीक सेशन्स मोफत देतात आणि कोण गेले हे कंपनीला कळवले जात नाही.

आता भाषेचा मुद्दा. व्यवहारात आपण सर्वजण गुजराती बोलतो, पण ‘जीव घाबरा होतो’, ‘आतून कोंडल्यासारखं वाटतं’ हे सांगताना ज्येष्ठांना तरी मराठीच लागते. शहरात मराठी समजणारे कोणी मिळाले नाही, तर पुण्या-ठाण्याच्या तज्ज्ञांकडून व्हिडिओवर सेशन घेता येते. त्यासाठी घरात दार बंद करून बसता येईल अशी खोली मात्र हवी. जुन्या दांडिया बाजारातल्या घरांत तीच अडचण! काहीजण उभ्या गाडीत बसून बोलतात. त्यात काही गैर नाही.

आपला समाज लहान, सगळे एकमेकांचे कोणीतरी. त्यामुळे नात्यातल्या किंवा मंडळात नेहमी भेटणाऱ्या तज्ज्ञाकडे जाणे शक्यतो टाळावे. माहिती गुप्त राहण्याचा हक्क वरील कायद्याच्या कलम २३ मध्ये आहे. जिवाला धोका असेल अशा मोजक्या प्रसंगी त्याला अपवाद होतो. आणि एक गोष्ट थोडी कटू वाटली तरी सांगायला हवी : सज्ञान मुलाच्या सेशनचे पैसे बाबांनी भरले, म्हणून आत काय बोलणे झाले हे विचारण्याचा अधिकार बाबांना मिळत नाही. फी द्यावी आणि संध्याकाळी चौकशी न करता चहा ठेवावा.

पहिल्या भेटीत झोप, भूक, घरची माणसे, पूर्वीचे आजार असे बरेच प्रश्न विचारले जातात. चालू औषधांची यादी सोबत न्यावी. लगेच हलके वाटेलच असे नाही. काहींना त्या रात्री उलट थकवा येतो.

खासगी खर्च शक्यच नसेल तर कारेलीबागेतील सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आणि सयाजी रुग्णालयाचा मनोविकार विभाग आहे. ‘टेली मानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य चालतो, तेथे मराठीतही बोलता येते. जीव नकोसा झाल्याची भाषा कोणी करत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नये, त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि तडक रुग्णालयात न्यावे.